विनोदी नटीचे भांडवल

नटीचे आयुष्य फुलाच्या आयुष्याइतकेच, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. नायिकेपुरते ते काही अंशी खरेही आहे. चार-सहा वर्षे तिचे नाव गाजते, भिंतीभिंतींवर तिची चित्रे लागतात, आणि मग एके दिवशी तिच्या जागी दुसरे नाव दिसू लागते. नायकाचे तसे नसते. पन्नाशी उलटलेला नायक खुशाल कॉलेजच्या पायऱ्या चढतो आणि प्रेक्षकाला त्यात वावगे वाटत नाही. तारुण्य हे नायिकेचे भांडवल मानले गेले असल्याने ते खर्ची पडले की तिचा व्यवहार आटोपतो, एवढाच याचा अर्थ.

पण याच व्यवसायात स्त्रियांचा आणखी एक वर्ग आहे. मोलकरीण, भाजीवाली, नायिकेची बोलघेवडी मैत्रीण, खाष्ट आत्या, भाबडी आजी अशी कामे करणारी विनोदी नटी. तिचे नाव श्रेयनामावलीत खालच्या ओळीत असते. रसिकांच्या चर्चेत तिच्या वाट्याला ‘काय हसवते हो बाई!’ यापलीकडे फारसे काही येत नाही. मात्र वीस वर्षांपूर्वीची नायिका कोण होती हे आठवावे लागते, आणि ही बाई अजून कामावर हजर असते! हे कसे घडते? नुसत्या नशिबाने की काही नियमाने? एका नटीच्या आयुष्याचा आधार घेऊन या प्रश्नाचा थोडा विचार करू.

ही नटी म्हणजे तमिळ चित्रपटसृष्टीतील मनोरमा. मराठी प्रेक्षकांपैकी ज्यांनी मेहमूदचा १९७४ सालचा ‘कुंवारा बाप’ पाहिला असेल त्यांनी तिला पाहिले आहे. नाव कदाचित ध्यानात राहिले नसेल. तमिळ मुलखात मात्र तिचे नाव ठाऊक नाही असे घर शोधून सापडायचे नाही. १९५८ साली ती प्रथम पडद्यावर आली. २०१० सालच्या तमिळ ‘सिंगम’ या चित्रपटात ती आजीच्या भूमिकेत होती. पुढच्याच वर्षी गोव्याच्या पार्श्वभूमीवर जो हिंदी ‘सिंघम’ निघाला तो याच चित्रपटावरून. मधल्या पन्नासाहून अधिक वर्षांत तिने हजारावर चित्रपटांत कामे केली आणि गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात तिची नोंद झाली.

तिचा जन्म २६ मे १९३७ चा, तंजावर भागातील मन्नारगुडीचा. मूळ नाव गोपीशांता. वडिलांनी दुसरा घरोबा केला, आणि आई मुलीला घेऊन कारैकुडीजवळच्या पळ्ळत्तूर या गावी येऊन राहिली. हा चेट्टिनाडचा मुलूख, म्हणजे धनाढ्य व्यापाऱ्यांच्या चौसोपी वाड्यांचा. अशा वाड्यांच्या गावात निराधार मायलेकींनी पोट कसे भरावे? आई आजारी पडली तेव्हा अकरा वर्षांच्या मुलीची शाळा सुटली आणि ती घरकामाला लागली. वर्षभराने, बाराव्या वर्षी, ती नाटकात उभी राहिली. गळा गाता होता आणि पाठांतर पक्के होते. मनोरमा हे नावही नाटकवाल्यांनीच दिले. पुढे एस. एस. राजेंद्रन यांच्या नाटकमंडळीत तिचा जम बसला.

इथे त्या वेळच्या तमिळ रंगभूमीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्याकडे एके काळी नाटक हे राष्ट्रीय चळवळीचे हत्यार झाले होते. तिकडे ते द्राविड चळवळीचे झाले. अण्णादुराई आणि करुणानिधी हे राजकीय पुढारी स्वतः नाटके लिहीत आणि प्रसंगी तोंडाला रंगही लावीत. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकावर अण्णादुराईंनी नाटक लिहिले होते, आणि त्यात महाराजांचे काम करणारा गणेशन नावाचा तरुण नट पुढे जन्मभर ‘शिवाजी गणेशन’ म्हणूनच ओळखला गेला. मनोरमा या दोन्ही पुढाऱ्यांबरोबर रंगमंचावर उभी राहिली. पुढे चित्रपटांत एम. जी. रामचंद्रन, जयललिता आणि एन. टी. रामाराव यांच्याबरोबर तिने कामे केली. हे पाचही जण यथाकाल मुख्यमंत्री झाले. पाच मुख्यमंत्र्यांबरोबर काम केलेली नटी म्हणून तिचे कौतुक होत असे. पण कौतुकापलीकडे त्यात एक अर्थ आहे. हे पाचही जण रंगभूमी किंवा पडदा सोडून सत्तेच्या खुर्चीकडे गेले. ती मात्र जिथे होती तिथेच, आपल्या कामात राहिली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९५८ साली कवी कण्णदासन यांनी ‘मालैयिट्ट मंगै’ हा चित्रपट काढला आणि मनोरमेला त्यात विनोदी काम दिले. एकवीस वर्षांच्या, रंगभूमीवर नायिका शोभलेल्या मुलीला हे काम देणे म्हणजे तिला पायरी उतरायला सांगणेच. ती नाराज झाली असल्यास नवल नाही. पण कण्णदासन यांनी समजावले की, नायिका झालीस तर तीन-चार वर्षांत बाजूला पडशील, विनोदी कामे केलीस तर दीर्घकाळ टिकशील. ही हकीकत ती पुढे मुलाखतींतून सांगत असे. १९६३ साली सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने ‘कोंजुम कुमरी’त तिला नायिका केलेही. परंतु नायिकेची वाट तिथून पुढे फारशी गेली नाही आणि ती विनोदाकडे परतली. कवीचा हिशेब व्यापाऱ्याच्या हिशेबाहून पक्का ठरला.

हा हिशेब बरोबर का ठरला, याची मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण असे. तमिळ चित्रपटांत विनोदाचा धागा मूळ कथेला समांतर पण बराचसा स्वतंत्र विणण्याची प्रथा होती, आणि तो जोडीने चाले. एन. एस. कृष्णन आणि टी. ए. मधुरम हे नवरा-बायको पडद्यावरही जोडीनेच गाजले. तंगवेलू आणि सरोजा यांचेही तसेच. हिंदीत आपल्या शुभा खोटे यांची मेहमूदशी जोडी ‘ससुराल’सारख्या (१९६१) चित्रपटांत जमली, ती पद्धत हीच. जोडीत सोय असते, तसा धोकाही असतो. गड्याचा बाजार उतरला की बाईचाही उतरतो. मनोरमेची नागेशबरोबरची जोडी अफाट लोकप्रिय झाली. १९६६ च्या ‘अन्बे वा’सारख्या चित्रपटांत नायक-नायिकेइतकीच लोक या दोघांची वाट पाहत. पण ती नागेशची होऊन राहिली नाही. चो रामस्वामी, तेंगै श्रीनिवासन, सुरुळीराजन अशा निरनिराळ्या ढंगांच्या नटांसमोर ती उभी राहिली आणि प्रत्येकाच्या तालाशी तिने ताल जुळवून घेतला. गडी बदलत गेले, बाई तीच राहिली.

दुसरे कारण भाषेचे. तमिळ ही एकच भाषा असली तरी मदुरेची बोली वेगळी, कोंगू मुलखाची वेगळी, चेट्टिनाडची वेगळी, ब्राह्मणी घरातली वेगळी. आणि मद्रासच्या रिक्षावाल्यांची व कोळीवाड्यांची तर निराळीच. आपल्याकडे मालवणी, वऱ्हाडी, कोल्हापुरी असा भेद आहे तसाच हा प्रकार. नायिका बहुधा प्रमाणभाषा बोलते. कारण ती कुठल्याच गावची नसते. विनोदी नटीला मात्र गाव असावे लागते, आणि मनोरमेच्या जिभेवर अशी अनेक गावे होती. १९६८ च्या ‘बोम्मलाट्टम’ चित्रपटात मद्रासच्या गल्लीबोळांतील बोलीतले एक गाणे तिने स्वतःच्या गळ्याने गायिले आणि ते तुफान गाजले. बोलीची नक्कल करून टाळी मिळवणे सोपे आहे. पण नक्कल ही त्या बोलीच्या माणसाला हसत असते, आणि तो माणूस ते तेव्हाच ओळखतो. मनोरमेच्या बोलीवर ज्यांची ती बोली तेच लोक अधिक खूष होत. चेट्टिनाडात मानाच्या गृहिणीला ‘आच्ची’ म्हणतात. ज्या मुलखात तिने मोलमजुरी केली त्याच मुलखातले हे आदराचे संबोधन सबंध तमिळ जनतेने तिला लावले आणि शेवटपर्यंत ती ‘आच्ची मनोरमा’च राहिली. याहून मोठी पावती कोणती?

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिच्या विनोदाच्या तळाशी नेहमी एक खरे माणूस बसलेले असे. उदाहरणार्थ, १९६८ चा ‘तिल्लाना मोहनाम्बाळ’. नादस्वरवादक झालेले शिवाजी गणेशन आणि नर्तकी झालेल्या पद्मिनी यांच्या अहंकाराची आणि प्रेमाची ही कथा. अशा दोन मातब्बरांच्या मध्ये मनोरमेला मिळाली ‘जिल जिल रमामणी’ नावाची एका फिरत्या करमणूक मंडळीतली नटी. भडक कपडे, ठसक्याचे बोलणे, उथळ वाटावी अशी लगबग. दुसऱ्या कोणी ती हास्यास्पद करून सोडली असती. पण संकटात सापडलेल्या त्या मानी कलावंताला ती ज्या मायेने भावासारखे वागवते ती पाहिली, की प्रेक्षकाचे हसणे मध्येच थबकते. कला म्हणजे काय यावर त्या चित्रपटात बरेच बोलले जाते. पण पोटासाठी कला विकणाऱ्या बाईची अदब आणि कणव बोलून न दाखवता दिसते ती रमामणीत. मनोरमा स्वतः अशाच मंडळीतून आली होती, हे विसरून चालणार नाही.

१९८६ च्या ‘संसारम् अदु मिन्सारम्’मध्ये बाप-लेकांच्या भांडणात घराच्या मधोमध रेघ ओढली जाते. त्या घरातली मोलकरीण कण्णम्मा ही मनोरमा. नात्याच्या माणसांना जे बोलता येत नाही ते मोलकरणीला फटकन बोलता येते. तिचा फटकळपणा लोक हसण्यावारी नेतात, आणि म्हणूनच तो आत जाऊन बसतो. अकराव्या वर्षी दुसऱ्याच्या घरात राबलेल्या मुलीला मोलकरीण मालकाकडे कोणत्या डोळ्यांनी पाहते हे कोणी शिकवावे लागले नसेल. १९९० च्या ‘नडिगन’मध्ये तर एक अविवाहित प्रौढा म्हातारपणाचे सोंग घेतलेल्या तरुणाच्या प्रेमात पडते. प्रसंग सगळा हसण्याचा. पण उतारवयात लाजणाऱ्या त्या बाईची मनोरमेने थट्टा केली नाही. तिची आशा तिने खरी मानली, आणि त्यामुळे हसतानाही कुठेतरी खुपते.

मनोरमेचे भांडवल कोणते, ते आता दिसेल. नायिकेचे भांडवल वयाबरोबर घटते; हिचे वयाबरोबर वाढत गेले. दारिद्र्य, मोलमजुरी, फिरती, लोकांचे बोलणे हे सारे तिच्या पेढीवर जमा होत होते. मैत्रिणीची कामे संपली तेव्हा वहिनीची आली, मग आईची, मग आजीची. १९८९ च्या ‘पुदिय पादै’मधील भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. २००२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पासष्टीला आली होती.

तथापि या हिशेबाची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९६४ साली तिने नाटकातल्या सहकाऱ्याशी विवाह केला. दोनच वर्षांत तो मोडला आणि पदरी तान्हे मूल राहिले. म्हणजे ‘अन्बे वा’त लोक पोट धरून हसत होते त्याच सुमारास ही बाई एकटीने घर चालवीत होती. हजार चित्रपट ही संख्या ऐकून आपण थक्क होतो. पण हजार चित्रपट करावे लागतात ते कोणाला? एका चित्रपटाच्या मोबदल्यावर वर्ष काढणाऱ्याला नव्हे. दोन-तीन दिवसांची कामे, सकाळी एका स्टुडिओत आणि संध्याकाळी दुसऱ्यात, असे वर्षानुवर्षे राबल्याशिवाय ही बेरीज होत नाही. तिच्या विक्रमात कर्तृत्व आहे, तशीच आपल्या व्यवसायाने विनोदी नटीची जी किंमत केली तीही आहे.

आपण मराठी माणसांनीही यात थोडे स्वतःकडे पाहण्यासारखे आहे. आपल्या तमाशातली मावशी दीर्घकाळ पुरुषानेच रंगवली. स्त्रीने रंगमंचावर उभे राहणेच जिथे मोठ्या वादानंतर मान्य झाले, तिथे तिने लोकांना हसवणे हे आणखी उशिरा पचनी पडले. लाजणारी स्त्री आपल्याला चटकन आवडली, रडणारी त्याहून आवडली; हसवणारीला मात्र आपण टाळ्या दिल्या आणि तिची गणना करायचे विसरलो.

१० ऑक्टोबर २०१५ रोजी चेन्नईत, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, मनोरमा निवर्तली. ज्या पाच मुख्यमंत्र्यांबरोबर तिने काम केले त्यांपैकी जयललिता त्या वेळी अधिकारावर होत्या. पण तिचा खरा मान माझ्या मते सरकारी शोकसंदेशात नव्हता. कोणत्याही तमिळ घरात एखादी फटकळ, प्रेमळ, घर सावरून धरणारी बाई दिसली की लोकांना मनोरमा आठवते, त्यात तो आहे. पुढच्या वेळी चित्रपट पाहताना चहाचा ट्रे घेऊन आत येणाऱ्या त्या मोलकरणीकडे जरा नीट पाहावे. नायक-नायिका बोलत असतात तेव्हा ती काय करते, कुणाकडे पाहते, ते ध्यानात घ्यावे. आणि घरी परतताना निदान तिचे नाव तरी विचारावे.