दप्तर कोणी राखावें, कोणी जाळावें

सरकारी दप्तर म्हटलें कीं धुळीनें माखलेले रुमाल एवढेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं पुण्याचें पेशवे दप्तर जपलें, तें कांहीं इतिहासाच्या प्रेमानें नव्हे. कोणत्या गांवचा वसूल किती, इनाम कोणास व कशाबद्दल, हें त्या मोडी कागदांवांचून नव्या राज्यकर्त्यांस कळणार कसें? पुढें १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, आणि लोकांच्या सनदा याच रुमालांशीं ताडून पाहण्यांत आल्या. दप्तरांत आधार न सांपडल्यामुळें कित्येक घराण्यांचीं इनामें गेलीं.

मध्यवर्ती सरकारच्या कागदांची व्यवस्था ११ मार्च १८९१ रोजीं कलकत्त्यास सुरू झाली. १९२६ सालीं तिच्यासाठीं दिल्लींत इमारत उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर तेंच खातें राष्ट्रीय अभिलेखागार झालें.

तेथें कागद आपण होऊन चालत येत नाहींत. १९९३ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक कचेरींत एक अधिकारी नेमावा लागतो. क्षुल्लक कागद वेळोवेळीं निवडून काढावयाचे, आणि पंचवीस वर्षांहून जुने झालेले कागद अभिलेखागाराच्या सल्ल्यानें पारखून कायम मोलाचे तेवढे राखावयाचे, हें त्याचें काम. ठरलेल्या रीतीवांचून कागद नष्ट करणारास पांच वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. १८९२ पूर्वींचा कागद तर निरुपयोगी होण्याइतका जीर्ण झाल्याविना नष्ट करतांच येत नाहीं. नियम चांगले आहेत. पण गोपनीय शिक्क्याचा कागद अभिलेखागारांत जात नाहीं, आणि तो शिक्का उतरविण्याचा विचार करावयाचा तो ज्या कचेरीनें मारला तिनेंच! ज्याचा हिशेब तपासावयाचा त्याच्याच कमरेला किल्ली, असा हा प्रकार मला वाटतो. इनामदाराचा कागद हरवला तर त्याची जमीन जाते. सरकारचा हरवला तर जाब कोणाला विचारावा?

कागद पदरीं पडल्यावरहि चिंता सरत नाहीं. वाळवी आणि कसर हे उघड शत्रू. दमट हवा त्यांची सोबतीण. शाईचा गुण मात्र सहसा लक्षांत येत नाहीं. मोडी दप्तरांतील काजळाची शाई आजहि काळीभोर दिसते, आणि लोहयुक्त शाईनें लिहिलेल्या कागदांत कित्येकदां अक्षरांच्या जागीं भोंकें पडलेलीं आढळतात. अशा पानास दोन्ही अंगांनीं तलम, पारदर्शक कागद चिकटवून सांवरावें लागतें. एकेक पान हातांत घेऊन करण्याचें हें काम आहे.