पवित्र भूमीचे राखणदार

येशू ख्रिस्ताचा जन्म, मरण आणि पुनरुत्थान यांच्याशी निगडित स्थळांची कॅथलिक चर्चच्या वतीने राखण करणारा फ्रान्सिस्कन बंधूंचा समुदाय ‘पवित्र भूमीची कस्टडी’ या नावाने ओळखला जातो. मुख्य मठ जेरुसलेमच्या तटबंदीच्या आत आहे. काम मात्र इस्राएल, पॅलेस्टाईन, जॉर्डन, सीरिया, लेबनॉन, सायप्रस असे दूरवर पसरलेले आहे. बंधू 300 च्या आसपास, तेही कितीतरी देशांतून आलेले. म्हणून आपसातला व्यवहार इटालियनमध्ये चालतो. काहीही आपले म्हणायचे नाही असे व्रत घेतलेल्या माणसांच्या गळ्यात जगातल्या सर्वांत तंट्याच्या जागा कशा पडल्या आणि त्यांनी त्या कशा सांभाळल्या, हाच या समुदायाचा इतिहास.

फ्रान्सिस्कन संघाचे संस्थापक संत फ्रान्सिस असिसीकर हे इटलीतल्या एका सधन कापडव्यापाऱ्याचे चिरंजीव. जन्म 1181 किंवा 1182 चा. वडिलांच्या पेढीवर पाणी सोडून ते भणंगासारखे राहू लागले, सोबती जमले, आणि 1209 मध्ये पोपने त्यांच्या जीवनक्रमाला तोंडी मान्यता दिली. पोप होनोरियस तिसरे यांनी मंजूर केलेली लेखी नियमावली 1223 ची. पैशाला हात लावायचा नाही, घर किंवा जागा स्वतःच्या नावावर करायची नाही, कष्ट करून खायचे आणि ते पुरले नाही तर भिक्षा मागायची, असा तिचा गाभा. तपकिरी झगा, टोपडे आणि कमरेला पांढरी दोरी हा त्यांचा वेष. दोरीच्या तीन गाठी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या. मठप्रमुखाला ‘गार्डियन’, म्हणजे सांभाळणारा, म्हणतात; ‘वरिष्ठ’ या अर्थाच्या पदव्या फ्रान्सिसना खपत नसत. संघात धर्मगुरूंइतकेच दीक्षा न घेतलेल्या साध्या बंधूंनाही स्थान आहे. स्वयंपाकी, सुतार, शिंपी, औषधे करणारे असे कितीतरी हात मठांना याच बंधूंनी पुरवले. वसईत जन्मलेले आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया हेही असेच एक फ्रान्सिस्कन बंधू.

पूर्वेकडच्या प्रांताची स्थापना संघाच्या 1217 च्या महासभेत झाली. दोनच वर्षांनी, पाचवे धर्मयुद्ध ऐन भरात असताना, फ्रान्सिस इजिप्तमधल्या दमिएत्ताजवळ क्रुसेडरांच्या छावणीतून निघून थेट सुलतान अल-कामिलच्या गोटात गेले. दोघांचे काय बोलणे झाले याच्या पुढे रचलेल्या कथा पुष्कळ आहेत. सुलतानाने पाहुण्याला सुखरूप परत पाठवले, एवढे मात्र पक्के. फ्रान्सिसच्या 1221 च्या नियमावलीत मुस्लिमांमध्ये जाणाऱ्या बंधूंसाठी दोन मार्ग सांगितले आहेत. एक, कुणाशी वाद घालायचा नाही, सर्वांच्या अधीन राहायचे आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढे लपवायचे नाही. दोन, देवाची इच्छा दिसेल तेव्हा उघड प्रचार करायचा. कस्टडी टिकली ती मुख्यतः पहिल्या मार्गाने. दुसऱ्याची किंमतही तिने मोजली आहे. 1391 मध्ये निकोला तावेलिच आणि तीन सोबती जेरुसलेमच्या काझीसमोर जाऊन उघड प्रचार करू लागले आणि चौघांनाही ठार करण्यात आले.

1291 मध्ये अक्को पडले आणि क्रुसेडरांचे राज्य बुडाले. तलवारीने मिळवलेले सगळे हातचे गेल्यावर फ्रान्सिस्कनांनी जे मिळवले ते पैसे मोजून आणि परवाने काढून. नेपल्सचा राजा रॉबर्ट आणि राणी सांचा यांनी 1333 च्या सुमारास मामलुक सुलतानाशी बोलणी करून येशूच्या शेवटच्या भोजनाची मानली जाणारी सियोन डोंगरावरची जागा मिळवली, शिवाय जिथे येशूची कबर मानली जाते त्या पवित्र कबरेच्या चर्चमध्ये राहण्याचा हक्कही. पोप क्लेमेंट सहावे यांनी 1342 च्या दोन फर्मानांनी या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब केले. कस्टडीचा कायदेशीर जन्म तो हाच. मालकी दुसऱ्याची, वापर बंधूंचा, हा विचार संघात आधीपासून मुरलेला होता. तेराव्या शतकात पोपनीच फ्रान्सिस्कनांच्या वापरातल्या वस्तूंची मालकी आपल्याकडे घेऊन व्रताची अडचण सोडवली होती. पुढे पोप जॉन बाविसावे यांनी 1322 मध्ये ही सोय मोडीत काढली आणि संघात मोठे वादळ उठले. पण जेरुसलेमच्या बंधूंना या तत्त्वचर्चेत रमायला सवड नव्हती. त्यांना सुलतानाचा परवाना दरवेळी नव्याने जपावा लागे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर ऑटोमन सत्तेने त्यांना सियोनवरून कायमचे हुसकावले. जुन्या शहरातला एक जॉर्जियन मठ मिळवून त्यांनी तिथे बस्तान बसवले. आजचा सान साल्वातोरे मठ तो हाच. कस्टडीच्या प्रमुखाच्या, म्हणजे कस्टोसच्या, पदवीत मात्र सियोन डोंगराचे नाव अजून आहे.

पवित्र कबरेच्या चर्चमध्ये ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि कॅथलिकांच्या वतीने फ्रान्सिस्कन असे तीन मुख्य वहिवाटदार आहेत. कॉप्टिक, सिरियाक आणि इथिओपियन समाजांचे हक्क त्याहून थोडे. कोणता दिवा कुणाचा, कोणत्या वेदीवर कुणी केव्हा मिस्सा अर्पण करायची, कोणता खांब कुणी पुसायचा हे सारे ठरलेले आहे. ऑटोमन सुलतानांच्या 1757 आणि 1852 च्या फर्मानांनी जे जसे आहे ते तसेच गोठवले. या व्यवस्थेला ‘स्टेटस को’ म्हणतात. तिच्यात एक विलक्षण नियम आहे. जो झाडतो, जो दिवा लावतो, जो छप्पर दुरुस्त करतो, त्याचा हक्क शाबूत राहतो. जो हे सोडतो तो हक्क गमावतो. गावाकडे बांधावरून कज्जे लढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. 1901 मध्ये चर्चच्या प्रांगणालगतच्या जिन्याची सर्वांत खालची पायरी कुणी झाडायची यावरून ग्रीक आणि फ्रान्सिस्कन यांच्यात हाणामारी झाली. ती पायरी जिन्याची की अंगणाची, एवढाच मुद्दा होता! बेथलेहेमच्या जन्मगुहेतला लॅटिन लेख असलेला चांदीचा तारा 1847 मध्ये चोरीला गेला, तेव्हा तर प्रकरण फ्रान्स आणि रशियापर्यंत पोहोचले आणि क्रिमियाच्या युद्धामागच्या कारणांत जमा झाले.

म्हणून तिथल्या बंधूंची दिनचर्या उपासनाही असते आणि वहिवाटही. चर्चच्या आतच, कबरेच्या उत्तरेला, त्यांचा छोटा मठ आहे. एकमेव दरवाजाची किल्ली जुदेह या मुस्लिम घराण्याकडे आणि उघडबंद करण्याचा मान नुसैबेह या दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे. वरचे कुलूप उंचावर असल्याने शिडी लागते. संध्याकाळी दार लागले की कुलूप घालून झाल्यावर ती शिडी दारातल्या लहान झडपेतून आत सरकवतात. सकाळी ती आतूनच बाहेर दिली जाते. रात्रभर तिन्ही समाजांचे मठवासी आत कोंडलेले असतात. मध्यरात्रीनंतर आधी ग्रीकांची उपासना, मग आर्मेनियनांची आणि पहाटेच्या सुमारास फ्रान्सिस्कनांची मिस्सा. ऑटोमन काळात दार क्वचितच, तेही पैसे भरून उघडत असे, आणि आतल्या बंधूंना जेवण दाराच्या भोकातून पोहोचवले जाई. रोज दुपारी बंधू मेणबत्त्या घेऊन लॅटिन स्तोत्रे गात एकेका वेदीपाशी थांबत मिरवणूक काढतात. हिवाळ्यात ती 4 वाजता असते, उन्हाळ्यात 5 वाजता. बाहेरच्या जगाने उन्हाळ्यात घड्याळे पुढे केली तरी चर्चमधले घड्याळ हलत नाही. ते हलवायचे म्हणजे तिन्ही समाजांनी आधी एकमत करायला हवे.

यात्रेकरूंची व्यवस्था हे कस्टडीचे तितकेच जुने काम. पंधराव्या शतकात युरोपातून जहाजाने येणाऱ्यांना रामला इथे मुक्कामाला ठेवून सियोनचे गार्डियन नियम वाचून दाखवत. 1480 च्या दशकात आलेल्या फेलिक्स फाब्री या डोमिनिकन यात्रेकरूने अशी 27 कलमे नोंदवली आहेत. मुस्लिमांच्या थडग्यांवर पाय देऊ नका, पवित्र जागांचे दगड फोडून नेऊ नका, भिंतींवर नावे कोरू नका, अशी त्यांची जातकुळी. शेवटच्या कलमाची गरज कुठल्याच देशात संपलेली दिसत नाही. यात्रेकरूंसाठीच्या ‘कासा नोव्हा’ नावाच्या धर्मशाळा आजही चालू आहेत. दर शुक्रवारी दुपारी जेरुसलेमच्या गल्ल्यांतून बंधूंच्या पुढाकाराने क्रुसाच्या वाटेची भक्ती होते. जेरुसलेमला जाणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी ही भक्ती युरोपभर पसरवली तीही मुख्यतः फ्रान्सिस्कनांनीच, आणि 1731 मध्ये तिचे 14 टप्पे पक्के झाले. वसई, मुंबई आणि गोव्याच्या चर्चमध्ये दोन्ही भिंतींवर सात सात चित्रे दिसतात ती या परंपरेची.

स्थानिक ख्रिस्ती माणसाच्या पोटापाण्याशी कस्टडीचा संबंध बेथलेहेममध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथे राहिलेल्या बर्नार्दिनो आमिको या बंधूंनी पवित्र वास्तूंची मापे घेऊन नकाशे काढले आणि ते 1609 मध्ये पुस्तकरूपाने आले. अशा मापांच्या आधारे बेथलेहेमचे कारागीर पवित्र कबरेच्या चर्चच्या प्रतिकृती घडवू लागले. ऑलिव्हच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर शिंपल्याचे आणि हाडाचे जडावकाम, आणि सुटे होणारे छप्पर. छप्पर उचलले की आतली दालने दिसतात. युरोपातल्या राजांना आणि धनिकांना भेट म्हणून गेलेल्या या वस्तू आज मोठ्या संग्रहालयांत आहेत. शिंपल्याच्या आणि ऑलिव्हच्या लाकडाच्या कामावर बेथलेहेमची कितीतरी घरे अजून जगतात, आणि यात्रा थांबली की त्याच घरांत आधी चूल थंडावते.

सान साल्वातोरेच्या आवारात एकेकाळी अख्खे गाव नांदत होते. बेकरी, लोहारशाळा, सुतारशाळा, औषधशाळा. औषधशाळेतल्या अंतोनियो मेंझानी या बंधूंनी 1719 मध्ये ‘जेरुसलेम बाल्सम’ हे औषध सिद्ध केले. लोबान, हिराबोळ, काळाबोळ, मस्तकी ही नावे आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानातही ओळखीची आहेत. ती या औषधाच्या पाठांत आढळतात. जखमेपासून पोटदुखीपर्यंत सगळ्यावर ते चाले, आणि युरोपात त्याच्या नकला निघाल्या. मठाच्या छापखान्यात 1847 मध्ये छपाई सुरू झाली ती अरबी धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेने. कस्टडीच्या ‘तेर्रा सांता’ शाळांत ख्रिस्ती आणि मुस्लिम मुले एकाच बाकावर बसतात, आणि जुन्या शहरातल्या ख्रिस्ती कुटुंबांना नाममात्र भाड्यात मिळणारी घरे नसती तर त्यांतली बरीचशी कुटुंबे केव्हाच परदेशी गेली असती.

विसाव्या शतकात बंधूंच्या हाती कुदळ आली. कफर्णहूमची जागा कस्टडीने 1894 मध्ये घेतली होती. तिथे 1968 पासून विर्जिलियो कोर्बो आणि स्तानिस्लाओ लोफ्रेदा यांनी केलेल्या उत्खननात अष्टकोनी चर्चच्या खाली पहिल्या शतकातले घर सापडले. ते संत पीटरचे मानले जाते. नाझरेथला बेल्लारमिनो बगात्ती यांनी 1955 पासून असेच काम केले. बायबलचा अभ्यास आणि पुरातत्त्व एकत्र शिकवणारी कस्टडीची संस्था 1924 पासून जेरुसलेममध्ये चालते. त्याच वर्षी अंतोनियो बार्लुत्सी या वास्तुविशारदाने बांधलेली गेथशेमाने आणि ताबोरची चर्चे पूर्ण झाली. गेथशेमानेच्या चर्चमध्ये जांभळट काचांमुळे भर दुपारी सांज झाल्यासारखे वाटते.

हे सारे काम सुरक्षित कधीच नव्हते. दमास्कसमध्ये 1860 च्या जुलैमध्ये झालेल्या कत्तलीत आठ फ्रान्सिस्कन आणि मासाब्की आडनावाचे तीन मारोनाइट भाऊ मठातच मारले गेले. त्या अकरा जणांना 2024 मध्ये संतपद मिळाले. सीरियातल्या अलीकडच्या यादवीतही अलेप्पोचे आणि इडलिब भागातल्या गावांचे बंधू जागा सोडून गेले नाहीत.

पैसा येतो तो जगभरच्या चर्चमधून. गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये गोळा होणारे दान पवित्र भूमीसाठी असते. त्यातले 65 टक्के कस्टडीला मिळते. मुंबई, वसई, पणजीच्या भाविकांची नाणीही त्यात असतात.

पवित्र कबरेच्या चर्चमध्ये दुरुस्तीसारखी साधी गोष्टही तिन्ही समाजांच्या संमतीशिवाय होत नाही. कबरेवरचा 1810 चा मंडप 1947 पासून ब्रिटिशांनी लावलेल्या लोखंडी तुळयांच्या आधारावर कसाबसा उभा होता. एकमत व्हायला 2016 उजाडले. मग अथेन्सच्या तंत्रविद्यापीठाच्या तज्ज्ञांनी काम हाती घेऊन 2017 च्या मार्चमध्ये ते पुरे केले. 2018 च्या फेब्रुवारीत कर आणि जमिनीच्या कायद्यांवरून इस्राएली सरकारशी वाद झाला तेव्हा तिन्ही समाजांनी मिळून चर्चचे दार तीन दिवस बंद ठेवले. चर्चच्या फरशीचे काम 2022 मध्ये सुरू झाले. त्याची आखणी अशी केली होती की एकेक भाग कुंपणाआड घेऊन दगड उचलायचे, खाली उत्खनन करायचे, नळ आणि तारा घालायच्या आणि तेच दगड जागच्या जागी बसवायचे. दुपारची मिरवणूक या काळातही चालूच राहिली.