रक्ताचा नमुना आणि तपासणीची अचूकता

रोगनिदानाच्या कामी प्रयोगशाळेचे साहाय्य आज अपरिहार्य झाले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या गावी रक्त दिले, की छापील आकड्यांचा अहवाल हाती पडतो आणि त्या आकड्यांवर रुग्ण, त्याचे आप्त आणि पुष्कळदा डॉक्टरही निःशंकपणे विसंबतात. आकडा यंत्राने दिला म्हणजे तो बरोबरच असणार, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु यंत्र हे त्याच्यापुढे ठेवलेल्या नमुन्याचेच मोजमाप करते. तो नमुना त्याच व्यक्तीचा आहे काय, तो योग्य रीतीने घेतला गेला काय, वाटेत बिघडला काय, हे कळण्याची सोय बहुतेक यंत्रांत नसते.

प्रयोगशाळांच्या अचूकतेचा विचार तसा जुना आहे. बेल्क आणि संडरमन या अमेरिकन डॉक्टरांनी एकसारखेच द्राव निरनिराळ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळांकडे पाठवून उत्तरे पडताळून पाहिली. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत या उत्तरांत विलक्षण तफावत आढळली. १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी ज्याचे उत्तर आधी ठाऊक आहे असा नमुना रोज तपासून त्याचा आलेख ठेवण्याची पद्धत वैद्यकीय प्रयोगशाळांत रूढ केली. आपल्या देशात १९८८ पासून प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ कार्यरत आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्था बाहेरून नमुने पाठवून प्रयोगशाळांची पारख करतात. या सर्व प्रयत्नांमुळे यंत्रावरील चुका पुष्कळच घटल्या. आता ज्या चुका शिल्लक राहिल्या आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिक नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच घडतात, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे रक्त घेणारी व्यक्ती, नळी, चिठ्ठी आणि वाहतूक यांकडे लक्ष वळविणे क्रमप्राप्त ठरते.

दंडावरची पट्टी आणि नळीचे टोपण

शीर फुगावी म्हणून दंडावर रबरी पट्टी बांधतात. ती एक मिनिटापेक्षा अधिक काळ आवळलेली राहिली, तर शिरेतील पाण्याचा अंश बाहेर झिरपून रक्त दाट होते आणि प्रथिने, हिमोग्लोबिन यांचे आकडे चढे येतात. रुग्णास वारंवार मूठ उघडमीट करावयास लावल्यास पोटॅशियम वाढलेले दिसते. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतले, तर सलाईनमधील पाणी, मीठ वा साखर नमुन्यात मिसळते. बारीक सुईतून जोराने ओढलेल्या किंवा नळीत जोराने सोडलेल्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातील पोटॅशियम बाहेर पडते. अशा चढ्या पोटॅशियमवर इलाज सुरू झाला, तर नसलेल्या रोगाचे औषध रुग्णाच्या शरीरात जाते.

निरनिराळ्या रंगांच्या टोपणांच्या नळ्या सर्वांनी पाहिलेल्या असतात. हे रंग शोभेसाठी नाहीत. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे ईडीटीए नावाचे द्रव्य असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते आणि त्यात पोटॅशियमही असते. एका नळीत रक्त कमी पडले म्हणून जांभळ्या नळीतले थोडे दुसरीत ओतणे ही वरकरणी काटकसर. परंतु तिच्यामुळे त्या नमुन्यात पोटॅशियम वाढते व कॅल्शियम घटते. आकाशी टोपणाच्या नळीत सायट्रेट असते आणि एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त हे प्रमाण राखावे लागते. नळी अर्धी भरली, तर रक्त गोठण्यास लागणारा वेळ लांबलेला दिसतो. नळ्या भरण्याचा क्रम ठरवून दिलेला आहे, तो याच कारणास्तव.

साखरेचा नमुना आणि वाटेतला उन्हाळा

नळीत घेतलेले रक्त काही काळ जिवंतच असते. त्यातील पेशी साखर खात राहतात. पेशी वेगळ्या न काढलेल्या साध्या नमुन्यात साखर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घटते; उष्णतेत अधिक. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम वा त्याहून अधिक साखर हे मधुमेहाचे गमक मानले जाते. सकाळी ज्याची साखर १३२ होती, त्याचा नमुना गाडीची वाट पाहत तीन तास पडून राहिला, तर अहवालात ११० च्या आसपास आकडा येईल आणि तो मनुष्य मधुमेह नसल्याच्या समाधानात घरी जाईल. राखाडी टोपणाच्या नळीतील फ्लोराइड ही घट थांबविते खरे, परंतु त्याचा पूर्ण परिणाम होण्यास एक-दोन तास जातात. म्हणून नमुना लगेच थंड ठेवणे आणि शक्य तितक्या लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या करणे हाच खात्रीचा मार्ग होय. मात्र बर्फ हा सरसकट उपाय समजू नये. पोटॅशियमसाठी घेतलेले अखंड रक्त थंड पेटीत ठेवल्यास पेशींतून पोटॅशियम पाझरते, आणि बर्फाला थेट टेकलेली नळी गोठून पेशी फुटतात.

सर्पदंशातील वीस मिनिटे

यंत्राशिवाय होणाऱ्या तपासणीतही काळजी तितकीच लागते. याचे उत्तम उदाहरण सर्पदंशाचे आहे. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नाहीशी होते. ते ओळखण्यासाठी रुग्णाचे सुमारे दोन मिलिलिटर ताजे रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे हालविल्याविना ठेवतात आणि मग नळी एकदाच तिरपी करून पाहतात. रक्त पातळच राहिले असेल, तर विष रक्तात भिनले आहे असे समजून प्रतिविष देण्याचा निर्णय होतो. लहानात लहान आरोग्य केंद्रातही ही तपासणी शक्य आहे.

परंतु या तपासणीचे सारे सामर्थ्य त्या नळीत आहे. काचेच्या पृष्ठभागाचा स्पर्श झाल्याने रक्त गोठण्यास चालना मिळते. प्लॅस्टिकच्या नळीत ती मिळत नाही. साबणाच्या भुकटीने धुतलेल्या काचेवर अंश राहिला, तरी तोच प्रकार होतो. अशा नळीत निरोगी माणसाचे रक्तही पातळ राहू शकते आणि मग गरज नसता प्रतिविष टोचले जाते, ज्याची तीव्र प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. उलटपक्षी, रक्त गोठले म्हणून रुग्णास निर्धास्तपणे घरी पाठविणेही धोक्याचे आहे. नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर आघात करते, तेथे ही तपासणी काहीच सांगत नाही. घोणशीच्या दंशातही परिणाम उशिरा दिसू शकतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा करावी लागते. शंका असेल तेव्हा तशाच दुसऱ्या नळीत निरोगी व्यक्तीचे रक्त ठेवून ताडून पाहावे. नव्या, कोरड्या, स्वच्छ काचनळ्यांचा साठा केंद्रात असणे ही किती अल्प खर्चाची आणि किती मोलाची गोष्ट आहे, हे पावसाळ्यापूर्वीच ध्यानात घेतलेले बरे.

नावाची चिठ्ठी

सर्वांत घातक चूक मात्र रसायनाची नसून नावाची असते. एकाचे रक्त दुसऱ्याच्या नावे गेले आणि त्या आधारे भलत्याच गटाचे रक्त चढविले गेले, तर मृत्यू ओढवू शकतो. एकाच गावात एकाच आडनावाची आणि एकाच नावाचीही अनेक माणसे आपल्याकडे असतात. यास्तव नावाच्या जोडीला वय, नोंदणी क्रमांक वा जन्मतारीख यांपैकी दुसरी खूण हवीच. “तुम्ही सखुबाई ना?” असे विचारल्यास घाबरलेली वा कमी ऐकू येणारी बाई मान डोलावते. “तुमचे संपूर्ण नाव सांगा” असे विचारणे इष्ट. चिठ्ठी रक्त घेतल्याबरोबर, रुग्णासमोरच चिकटवावी. आधीच चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या नळ्यांची अदलाबदल होण्यास वेळ लागत नाही.

शाळा आणि ग्रामपंचायत

‘अॅनिमियामुक्त भारत’ ही मोहीम २०१८ मध्ये सुरू झाली. शाळांतून बोटाच्या थेंबावर हिमोग्लोबिन पाहिले जाते, त्या वेळी शिक्षक उपस्थित असतात. बोट स्पिरिटने पुसल्यावर ते वाळू द्यावे, पहिला थेंब पुसून टाकावा आणि बोट पिळू नये, एवढ्या तीन गोष्टी त्यांनाही सहज पाहता येतील. बोट पिळल्यास पेशींबाहेरील पाणी रक्तात मिसळून आकडा खोटा उतरतो. रांग लांब आणि वेळ थोडा असला, की नेमके हेच घडते. हीच तपासणी गरोदर स्त्रियांचीही होते. त्यांच्यात ७ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे तीव्र रक्तक्षय. तेथे एका ग्रॅमचा फरकही स्त्रीस मोठ्या रुग्णालयात पाठवावयाचे की नाही, हे ठरवितो.

शासकीय दवाखान्यांतून मोफत तपासण्या पुरविण्याचा राष्ट्रीय उपक्रम २०१५ मध्ये हाती घेण्यात आला. नमुने दूरच्या प्रयोगशाळेकडे जाऊ लागल्याने गाडीची वेळ महत्त्वाची झाली आहे. आरोग्य केंद्रास भेट देणाऱ्या पंचायत सदस्यांनी इमारतीच्या रंगापेक्षा काही साध्या गोष्टींची विचारपूस करावी. सेंट्रिफ्यूज चालेल इतका वेळ सकाळी वीज असते काय? हात टेकवून बसावयास खुर्ची आहे काय? सुई पुन्हा टोपणात न घालता टाकण्यासाठी छिद्र न पडणारी पांढरी पेटी आहे काय? नळीवर रक्त घेतल्याची वेळ लिहिली जाते काय? आणि नाकारलेल्या नमुन्यांची नोंदवही दाखविण्यास अवश्य सांगावे. ज्या ठिकाणी ती वर्षभर कोरी असते, तेथे सारे नमुने उत्तम येत असण्यापेक्षा खराब नमुनेही तपासले जात असण्याचा संभव अधिक. नमुना नाकारणाऱ्या तंत्रज्ञास कामचुकार ठरविण्याची प्रवृत्ती काही ठिकाणी दिसते. फुटलेल्या पेशींचे लालसर सीरम परत पाठवून रुग्णास दुसऱ्यांदा बोलावणारा तंत्रज्ञ आपले काम चोख करीत असतो. त्या रुग्णास दुसरी फेरी का पडली, हे मात्र त्याला समजावून सांगितले पाहिजे आणि त्याची रोजी बुडणार नाही अशी वेळ द्यावयास हवी.