अपग्रेड फसले की संगणक पुसायचाच का?

लिनक्सचे अपग्रेड झाले, संगणक पुन्हा सुरू केला आणि वाय-फाय गायब झाले, की बहुतेकांचा सल्ला ठरलेला असतो: सगळे पुसा आणि नव्याने टाका. अपग्रेड ही एकच अखंड घटना आहे, असा गैरसमज त्यामागे असतो. डेबियनसारख्या प्रणालीत अपग्रेड म्हणजे शेकडो, कधी हजारो पॅकेजेसची सुटी सुटी बदली असते. कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर गेले, याची तारीखवार नोंद पॅकेजेस बसवणारे एपीटी हे साधन स्वतःच ठेवते. आधीचे कर्नलही (प्रणालीचा गाभा) साधारणपणे डिस्कवर शिल्लक असते आणि संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या मेनूतून ते निवडता येते. जुन्या कर्नलवर वाय-फाय चालले आणि नव्यावर नाही, तर हजार संशयितांमधून एक जवळपास सापडलाच. डिस्क पुसणारा हा पुरावाच नष्ट करतो, आणि नव्याने टाकलेल्या प्रणालीत तेच नवे कर्नल असेल तर बिघाडही परत येतो.

अर्थात, अपग्रेडनंतर अडलेली प्रत्येक गोष्ट बग नसते. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये मुक्त नसलेल्या फर्मवेअरसाठी वेगळा विभाग करण्यात आला. पॅकेजेस जिथून येतात त्या सोर्सेसच्या यादीत तो विभाग जोडला नाही, तर बाकी सगळे नवे होते आणि फर्मवेअर मात्र जुन्याच आवृत्तीवर राहते. प्रकाशन टिपणात हे स्पष्ट लिहिले होते. म्हणून तक्रार लिहिण्याआधी ते टिपण वाचणे हा उपचार नव्हे, तपासाचाच भाग आहे.

चेन्नईच्या सी-डॅक केंद्रात घडलेल्या ‘बॉस’ या भारतीय लिनक्सबद्दल आणखी एक गैरसमज दिसतो. २००७ मध्ये पहिली आवृत्ती आलेली ही प्रणाली इथे बनली, तेव्हा तिचा प्रत्येक दोषही चेन्नईचाच, असे लोक धरून चालतात. पण बॉसचा पाया डेबियनचा आहे आणि डेबियनमधले कर्नल जगभरच्या विकासकांचे. दोष यांपैकी कोणत्याही थरात जन्मू शकतो. साधे डेबियन पेनड्राइव्हवरून चालवून पाहिले आणि तिथेही तोच बिघाड दिसला, तर तक्रार डेबियनकडे जायला हवी. फक्त बॉसमध्ये दिसला, तर चेन्नईकडे. चुकीच्या दारी दिलेली तक्रार महिनोन्‌महिने पडून राहते आणि मग ‘फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली नाही’ हा ग्रह पक्का होतो. वस्तुस्थिती अशी की आपल्या चुका लपवणार नाही, दोषांची नोंद सर्वांसाठी खुली ठेवू, असे वचन डेबियनने १९९७ च्या सामाजिक करारातच दिले आहे.

यावर रास्त आक्षेप असा की खुल्या नोंदीतल्या कित्येक तक्रारी वर्षानुवर्षे तशाच पडून असतात. खरे आहे, काम करणारे बरेचसे स्वयंसेवक आहेत. पण ‘चालत नाही’ एवढ्यावर कोणीच काही करू शकत नाही. ‘या आवृत्तीवर चालत होते, या आवृत्तीवर थांबले, या क्रमाने केले की दर वेळी थांबते’ असे कळले, तर दोष शोधता येतो. दोन कर्नलांमध्ये दहा हजार बदल असले, तरी दर वेळी मधला बदल तपासत निम्मे वगळत गेल्यास साधारण चौदा चाचण्यांत दोषी बदल सापडतो. त्यासाठी चांगली आणि बिघडलेली अशी दोन टोके आधी माहीत हवीत, आणि ती वापरणाऱ्यालाच माहीत असतात. त्याला प्रोग्रॅमिंग यायलाच हवे असे नाही.

‘कोणीतरी कळवलेच असेल’ हा समज मराठीच्या बाबतीत सर्वांत महागात पडतो. अपग्रेडनंतर ‘वाऱ्यावर’ मधला ऱ्या तुटका दिसू लागला, तर बर्लिनमधल्या विकासकाला तो तुटका आहे हेच कळणार नाही. अशा तक्रारीत मूळ मजकूर, फॉन्टचे नाव व आवृत्ती, आणि अक्षर कसे दिसायला हवे व कसे दिसते याची दोन चित्रे द्यावीत. सोबतचे इंग्रजी साधे असले तरी चालते. लॉग मात्र पाठवण्याआधी वाचून घ्यावेत. त्यांत युजरचे नाव, वाय-फायचे नाव असू शकते, आणि डेबियनच्या नोंदीत तक्रारदाराचा ईमेल पत्ताही सर्वांना दिसतो.