हिशेबाच्या नकला व त्यांची परीक्षा

घरोघर जमाखर्चाची वही ठेवण्याची आपल्याकडील चाल फार जुनी आहे. आज पुष्कळ घरांत ही वही संगणकांत गेली असून रोजकीर्द व खतावणी या दोहोंचें काम एकच सॉफ्टवेअर करितें. त्यांपैकीं 'ग्नूकॅश' हें विनामूल्य मिळतें, म्हणून तेंच उदाहरणादाखल घेऊं. कर्जाचे हप्ते, मुलांची फी, दवाखान्याचा खर्च, असा वर्षानुवर्षांचा हिशेब त्यांत एकाच फाईलींत सांठलेला असतो. ती बिघडल्यास पावत्यांवरून पुन्हा लिहून काढूं म्हणावें, तर दुकानांतील यंत्रानें छापलेल्या पावत्यांचीं अक्षरें तोंवर उडून गेलेलीं असतात!

यासाठीं नक्कल, म्हणजे ज्यास बॅकअप म्हणतात तो, ठेवावा लागतो. हें काम ग्नूकॅश कांहीं अंशीं आपण होऊनच करितें. फाईल जतन करितांच आधींची प्रत पुसली न जातां तिच्या नांवास तारीख व वेळ यांचे आकडे जोडले जातात, व ती त्याच फोल्डरमध्यें राहते. शिवाय 'लॉग' नांवाच्या निराळ्या फाईलींत व्यवहारांची टिपणी होत असते. वीज जाऊन संगणक मध्येंच बंद पडला, तर शेवटची जतन केलेली प्रत उघडून त्यानंतरचा लॉग 'आयात' या सदरांतून पुन्हा चालवितां येतो. मात्र लॉगमध्यें व्यवहार असतात, नवीं खातीं नसतात. यास्तव नवें खातें काढतांच फाईल जतन करावी हें बरें.

असा आकस्मिक बंद झाल्यावर फाईलीस कुलूप असल्याचा निरोप पडद्यावर येतो आणि माणूस घाबरतो. वस्तुतः एकच फाईल दोघांनीं एकाच वेळीं उघडूं नये म्हणून ग्नूकॅश शेजारीं 'एलसीके' अशा शेवटाची लहानशी फाईल ठेवितें. अपघातानंतर ती तशीच मागें राहते. दुसऱ्या कोणीं फाईल उघडलेली नाहीं अशी खात्री करून घ्यावी व 'तरीही उघडा' म्हणावें. घरांतील दोन संगणकांवरून इंटरनेटवरील सामाईक फोल्डर वापरणारांनीं मात्र ही खात्री नीट करावी. कारण हें कुलूप दुसऱ्या संगणकावर पोहोंचण्यास विलंब लागूं शकतो.

याहून घातक घोटाळा निराळाच आहे, व तो गाजावाजा न करितां होतो. एखादी जुनी नोंद पाहण्यासाठीं वडील मागील महिन्याची नक्कल उघडतात व काम होतांच बंद करितात. ग्नूकॅश सुरू होतांना शेवटीं उघडलेली फाईलच पुन्हा उघडतें. दुसऱ्या दिवशीं मुलगी भाजीचा व विजेचा खर्च लिहिते, तो त्या नकलेंत जातो. मूळ वही तेथेंच थांबते. पंधरवड्यानें बँकेच्या शिलकेशीं मेळ बसत नाहीं, तेव्हां सर्वांस वाटतें कीं व्यवहार नाहींसे झाले. ते नाहींसे झालेले नसतात, भलत्या वहींत असतात. खिडकीच्या माथ्यावरील फाईलीचें नांव वाचावें. त्यांत लांबलचक आकडे दिसल्यास ती नक्कल समजावी. नक्कल पाहावयाचीच झाल्यास ती दुसऱ्या फोल्डरमध्यें उतरवून, 'परीक्षा' असें नांव देऊन उघडावी, आणि नंतर मूळ फाईल एकदां उघडून ठेवावी.

जुन्या नकला आपोआप गेल्या अशीही तक्रार ऐकूं येते. मूळ योजनेप्रमाणें त्या 30 दिवसच ठेविल्या जातात. सेटिंगमध्यें ही मुदत वाढवितां येते. पण कितीही दिवस ठेविल्या तरी त्या मूळ फाईलीशेजारीं, त्याच डिस्कवर असतात. डिस्क गेली कीं दोन्ही गेल्या! निदान एक प्रत पेनड्राइव्हवर घराबाहेर, आजोळीं म्हणा, असावी.

ती प्रत खरोखर उघडते काय, हें दुसऱ्या संगणकावर पाहिल्यावांचून कळत नाहीं. एका बचत खात्याची शिलक पासबुकाशीं ताडून पाहावी. पांच मिनिटांचें काम आहे. स्वतः जमवून ठेवलेलीं अहवालांचीं कोष्टकें या फाईलींत नसतात, तीं निराळीं उतरवून घ्यावीं. तसेंच वर्षअखेर व्यवहारांची एक यादी साध्या सीएसव्ही स्वरूपांतही काढून ठेवावी. 'मायक्रोसॉफ्ट मनी' या सॉफ्टवेअरची विक्री 2009 सालीं बंद झाली, तेव्हां ज्यांच्याजवळ केवळ त्याच्याच घडणीच्या फाईली होत्या त्यांस दुसरीकडे जाणें कठीण गेलें. साधी यादी मात्र कोणत्याही संगणकावर वाचतां येते.