वाङ्मयी सिद्धी आणि मौन : दिग्दर्शकासमवेतच्या ऑनलाइन चित्रपटप्रदर्शनातील प्रेक्षकप्रतिसाद

१

साहित्यकृतीचा वाचक बहुधा एकटा असतो. नाटकाचा व चित्रपटाचा प्रेक्षक समूहात असतो. आस्वादप्रक्रियेची चर्चा करताना हा भेद गृहीत धरला जातो. २०२० साली करोनाच्या साथीमुळे चित्रपटगृहे बंद झाली आणि या दोहोंच्या मधली एक स्थिती मोठ्या प्रमाणावर अनुभवास आली. प्रेक्षक आपल्या घरी एकटा असतो. परंतु तोच चित्रपट त्याच क्षणी इतर अनेकांना दिसत असतो. पडद्याच्या कडेला प्रेक्षकांचे लिखित उद्गार सरकत असतात. पुष्कळदा चित्रपट संपताच दिग्दर्शक समोर येतो आणि प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. साथ ओसरल्यावरही हा प्रकार पूर्णपणे नाहीसा झालेला नाही.

आस्वादाच्या अभ्यासकाला ही सामग्री मोह पाडणारी आहे. नाट्यगृहातील हशा व टाळी हवेत विरून जाते. येथे मात्र प्रतिसाद अक्षरबद्ध होतो आणि ती नोंद जपून ठेवलेली असेल, तर कोणता उद्गार कोणत्या दृश्याच्या वेळी उमटला हेही पाहता येते. प्रश्न असा आहे की, या उद्गारांना आस्वादाचा पुरावा मानावयाचे की काय? आणि मानावयाचे झाल्यास ते कोणत्या मर्यादेत?

२

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी भरताच्या नाट्यशास्त्रातील सिद्धिविचार उपयुक्त ठरतो. सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या यशाची, म्हणजे सिद्धीची, चर्चा आहे. सिद्धी दोन प्रकारची : मानुषी आणि दैविकी. मानुषी सिद्धीचे पुन्हा दोन भाग पडतात. स्मित, अर्धहास, अतिहास, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' यांसारखे उद्गार ही वाङ्मयी सिद्धी होय. रोमांच उभे राहणे, जागेवरून उठणे, अंगावरील वस्त्र नटाकडे फेकणे ही शारीरी सिद्धी होय. दैविकी सिद्धीचे लक्षण मात्र याहून निराळे आहे. प्रेक्षागृह भरलेले असावे, पण तेथे शब्द नसावा, क्षोभ नसावा, उत्पात नसावा. भरलेल्या रंगमंडपातील ही शांतता भरताने मानवी प्रतिसादाच्या वरची मानलेली आहे.

ऑनलाइन प्रदर्शनातील प्रतिसाद या चौकटीत ठेवून पाहिले असता दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, येथे फक्त वाङ्मयी सिद्धीच नोंदली जाते. टाळीचे वा हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह शारीरी सिद्धीचा आभास निर्माण करते. परंतु ते निवडून, बोटाने दाबून पाठवावे लागते. रोमांच निवडता येत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. उद्गारांचा ओघ थांबला, तर त्याचा अर्थ लावता येत नाही. प्रेक्षक दृश्यात बुडून गेला असेल, कंटाळला असेल किंवा दार उघडण्यास उठला असेल. चित्रपटगृहात या तीन शांतता कानाला वेगवेगळ्या जाणवतात. लिखित नोंदीत तिन्ही ठिकाणी सारखीच रिकामी जागा दिसते. भरताने ज्या सिद्धीला श्रेष्ठ मानले, तिचीच येथे नोंद होऊ शकत नाही.

भरताने सिद्धीबरोबर घातांचाही विचार केला आहे. प्रतिपक्षीयांनी गोंगाट करून किंवा वस्तू फेकून प्रयोगात आणलेले विघ्न हा त्यांतील एक प्रकार होय. ऑनलाइन प्रदर्शनात चित्रपटाशी संबंध नसलेल्या शेरेबाजीचा जो भडिमार कधी कधी होतो, त्याची जागा येथे आहे. तो चित्रपटाचा प्रतिसाद नसून प्रयोगावरील घात आहे, हा विवेक अभ्यासकाने ठेवला पाहिजे.

३

तथापि, या उद्गारांचे मोल कमी लेखून चालणार नाही. याउसने मांडलेली 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना पडताळून पाहण्याची दुर्मीळ संधी ते देतात. प्रतीक वत्स यांच्या 'ईब आले ऊ' या हिंदी चित्रपटाचे उदाहरण घेता येईल. दिल्लीतील सरकारी इमारतींच्या परिसरात माकडे हाकलण्याच्या कंत्राटी कामावर लागलेला अंजनी हा स्थलांतरित तरुण त्याचा नायक आहे. माकडांना घाबरवण्यासाठी काढावयाच्या आवाजांवरून चित्रपटाचे नाव आले आहे. २०१९ मध्ये मुंबईच्या 'मामी' महोत्सवात आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बर्लिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला. त्यानंतर २९ मे ते ७ जून २०२० या काळात जगातील अनेक महोत्सवांनी एकत्र येऊन यूट्यूबवर विनामूल्य भरवलेल्या 'वी आर वन' या महोत्सवात तो घरोघरी पोहोचला.

या दोन टप्प्यांच्या मध्ये २५ मार्च २०२० पासूनची देशव्यापी टाळेबंदी आणि गावाकडे पायी निघालेल्या मजुरांचे तांडे येतात. चित्रपटातील एकही चौकट बदललेली नाही. बदलले आहे ते प्रेक्षकाचे क्षितिज. महानगरातील बेभरवशाच्या रोजगारावरील उपरोध म्हणून जो चित्रपट पाहता येत होता, तो मे महिन्यात घरात अडकलेल्या प्रेक्षकाला भोवतालच्या वास्तवापासून वेगळा काढणे अवघड होते. अशा वेळी तात्कालिक उद्गार कलाकृतीविषयी जितके सांगतो, तितकेच तिच्या ग्रहणक्षणाविषयी सांगतो. ग्रहणाच्या इतिहासाला नेमके हेच साधन हवे असते.

४

दिग्दर्शकाच्या उपस्थितीने मात्र या साधनाचे स्वरूप बदलते. कलाकृतीचा अर्थ निर्मात्याच्या हेतूवरून ठरविणे हा तर्कदोष आहे, असे विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्येच दाखवून दिले. तरीही दिग्दर्शक समोर येताच 'हे दृश्य मला असे जाणवले' हे विधान मागे पडते आणि 'या दृश्यातून आपणांस काय म्हणावयाचे होते?' हा प्रश्न पुढे येतो. इझरने ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हटले, त्या भरण्याचे काम प्रेक्षक स्वतः करण्याऐवजी निर्मात्याकडे सोपवितो. चित्रपट नुकताच संपलेला असतो आणि अर्थ अजून आकार घेत असतो. म्हणून हे हस्तांतर अधिकच सुलभ होते.

परंतु दिग्दर्शकाची उपस्थिती प्रत्येक वेळी अर्थ बंदच करते, असेही नाही. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाचा दाखला बोलका आहे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून सुरू झालेले चित्रीकरण पुढे १४ वर्षे चालले. पूर्ण झालेला माहितीपट ज्या समाजाविषयी होता, त्याच्याच वस्त्यांत दिग्दर्शकाच्या उपस्थितीत दाखवला गेला. पडद्यावरील घटना भोगलेले किंवा जवळून पाहिलेले लोक जेथे प्रेक्षक असतात, तेथे अर्थ सांगण्याचा अधिकार एकट्या दिग्दर्शकाकडे राहत नाही. प्रेक्षक त्याला दुरुस्त करू शकतो, जाब विचारू शकतो, आणि दिग्दर्शकाला त्याच अंगणात बसून ते ऐकावे लागते.

ऑनलाइन प्रश्नोत्तरांत नेमका हा दाब नाहीसा होतो. कोणता प्रश्न वाचून दाखवावयाचा हे संचालक ठरवितो. प्रश्न विचारणाऱ्याला प्रतिप्रश्नाची संधी क्वचितच मिळते. अडचणीचा प्रश्न कोणी नाकारीत नाही. तो केवळ वर सरकून दिसेनासा होतो. म्हणजे निर्माता आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर कमी झाल्याचा भास होतो, पण संवादातील असमानता कायम राहते. किंबहुना ती दिसेनाशी झाल्यामुळे अधिक बळावते.

५

न. चिं. केळकर यांनी आस्वादाच्या अवस्थेला 'सविकल्प समाधी' म्हटले. रसिक दुसऱ्याच्या अनुभवाशी तादात्म्य पावतो, तरीही स्वतःचे भान सोडीत नाही. चित्रपट पाहता पाहता उद्गार लिहिणारा प्रेक्षक या कल्पनेची कसोटीच पाहतो. लिहिण्यासाठी नजर पडद्यावरून काढावी लागते. तेथे विकल्प उरतो, समाधी मोडते. उलट, त्या क्षणी न लिहिता नंतर लिहिणाऱ्याच्या शब्दांत समाधीची स्मृती असते, प्रत्यक्ष समाधी नसते. म्हणून कोणताही लिखित प्रतिसाद म्हणजे अनुभव नव्हे. तो कोणाला तरी उद्देशून केलेले कथन आहे.

यातून अभ्यासाची एक दिशा सूचित होते. प्रतिसाद कोणाला उद्देशून आहे, हे प्रथम ठरविले पाहिजे. चित्रपट चालू असतानाचा उद्गार सहप्रेक्षकासाठी असतो, प्रदर्शनानंतरचा प्रश्न दिग्दर्शकासाठी असतो आणि काही दिवसांनी लिहिलेला अभिप्राय अपरिचित वाचकासाठी असतो. हे तीन प्रकार एकाच राशीत मिसळून त्यांवरून 'प्रेक्षकांचे मत' काढणे सदोष ठरेल. दिग्दर्शकाचे उत्तरही निर्णय म्हणून न घेता आणखी एक वाचन म्हणून, बाकीच्यांच्या रांगेत ठेवले पाहिजे. आणि ज्यांनी काहीच लिहिले नाही, त्यांची गणना निष्क्रियांत करण्याची घाई करू नये. भरताच्या साक्षीने पाहता, प्रयोगाची खरी सिद्धी कदाचित त्यांच्याच बाजूला असेल.