वेगाच्या आलेखातले वळण
कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर सराव करणाऱ्या हौशी चालकाच्या गाडीतील जीपीएस नोंदयंत्र सेकंदाला 10 वेळा वेग टिपत असेल, तर ताशी 100 किलोमीटर वेगाला सुमारे पावणेतीन मीटरांमागे एक नोंद मिळते. सॉफ्टवेअर या नोंदी वेळेऐवजी अंतरानुसार मांडते, त्यामुळे दोन फेऱ्यांची जागोजाग तुलना होऊन ‘डेल्टा’, म्हणजे त्या जागेपर्यंत साचलेला वेळेचा फरक, नेमका कुठे वाढला हे कळते. ब्रेक सोडल्यापासून ॲक्सिलरेटर दाबेपर्यंत गाडी नुसती घरंगळते, तो अवधी आलेखात मंद उतारासारखा दिसतो. उशिरा ब्रेक लावण्याच्या ईर्षेपेक्षा हा उतार आखूड करणे नवख्यासाठी खरोखर मोलाचे आहे, कारण वळणातून बाहेर पडतानाचा जादा वेग पुढच्या संपूर्ण सरळ पट्ट्यावर उपयोगी पडतो.